अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांनी म्हातारपण लांबतं का? वडिलांना सुरू कराव्यात का?

तुमचे वडील ६२ वर्षांचे आहेत, रोज सात-आठ विड्या ओढतात आणि कुणीतरी त्यांना या कॅप्सूल सुचवल्यात, असं तुम्ही लिहिलंय. आधी पाकिटामागचा मजकूर वाचा. त्यात बीटा कॅरोटीन (गाजर-भोपळ्यातलं केशरी रंगद्रव्य, तेही एक अँटीऑक्सिडंटच) असेल तर त्या त्यांना देऊ नका.

मी बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते. मागे एक आजोबा अशीच पट्टी घेऊन आले होते. अक्षरं इतकी बारीक, की मोबाइलचा टॉर्च लावून वाचावी लागली. बीटा कॅरोटीन होतं, आणि आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात विडीचं बंडल. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतेच, विडी-सिगारेट ओढता का?

कारण सांगते. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या, सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला, तर तो त्यांच्यात १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये २१ महिने आधीच थांबवावी लागली. गाजर-भोपळा मात्र बिनधास्त खाऊ द्या. धोका दिसला तो गोळीतल्या मोठ्या डोसचा.

आता म्हातारपणाचं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलं, की श्वासातल्या ऑक्सिजनपासून शरीरात फ्री रॅडिकल, म्हणजे शेजारच्या रेणूंवर तुटून पडणारे अस्थिर रेणू, तयार होतात, ते पेशींची झीज करतात आणि त्यातून वार्धक्य येतं. त्यांना थोपवणारे पदार्थ म्हणजे अँटीऑक्सिडंट. चिरलेलं वांगं काळं पडतं, लिंबू पिळलं की पडत नाही, हे आपण रोज बघतो. म्हणून ही कल्पना चटकन पटते. पण शरीर म्हणजे चिरलेलं वांगं नव्हे. ते स्वतःची अँटीऑक्सिडंट विकरं (एन्झाइम) स्वतःच बनवतं. शिवाय हेच फ्री रॅडिकल पांढऱ्या पेशींना जंतू मारायला लागतात, आणि व्यायामानंतर स्नायूंना 'तयारीला लागा' असा निरोपही देतात. २००९ मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदाच त्यांना मिळाला नाही. गोळ्या न घेणाऱ्यांना मिळाला.

या गोळ्यांनी माणसाचं वय वाढणं मंदावलं, असं कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. तेवढ्या पैशांत आवळे, पेरू, पालेभाज्या आणा. आणि विडी सोडवायला डॉक्टरांची मदत घ्या; वडिलांचं आयुष्य खरंच वाढवायचं असेल तर यापेक्षा मोठं काही नाही.

गोळ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याच्या त्रासासाठी लिहून दिल्या असतील, तर गोष्ट वेगळी. मनाने बंद करू नका. वडील विडी ओढतात हे त्यांना स्पष्ट सांगा. बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन (पालेभाज्यांतलं पिवळं रंगद्रव्य) असलेल्या गोळ्याही मिळतात.