वाचकांचे प्रश्न : कानाला आवडलेली गाणी आणि बोटांना आवडलेली गाणी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे रिदम गेममधील, म्हणजे गाण्याच्या तालावर बटणे दाबण्याच्या व्हिडिओ गेममधील गाण्यांविषयी आहेत. त्यामुळे इतर विषयांवरील पत्रांना पुढील अंकात उत्तरे देऊ.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या गेममध्ये शेकडो गाणी आहेत, पण आमच्या घरात ऐकले जाणारे एकही नाही. शिवाय सुट्टीत मित्राकडे वाजवलेले एक गाणे विकत घ्यायला गेलो, तर ते यादीतून नाहीसे झालेले. ही गाणी कोण निवडते आणि कशावरून? (एक पालक, निपाणी)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर संगीतापेक्षा वकिलीकडे अधिक झुकणारे आहे. ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन निरनिराळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो, तर प्रत्यक्ष मुद्रणाचा हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो, आणि गेममध्ये गाणे घ्यायचे तर या दोन्ही दारांशी जावे लागते. २००५ साली हार्मोनिक्स या अमेरिकी कंपनीने तयार केलेला ‘गिटार हिरो’ बाजारात आला, तेव्हा त्यातील बहुतेक प्रसिद्ध गाणी मूळ कलाकारांच्या आवाजातील नव्हती. शब्द-चालीचा परवाना घेऊन ती दुसऱ्या गायक-वादकांकडून शक्य तितकी हुबेहूब करून घेतलेली होती.

मूळ मुद्रण मिळाले, तरी काम संपत नाही. या खेळाची सारी गंमत अशी की बोट चुकले की गिटार तेवढी मुकी होते आणि बाकीचे गाणे चालू राहते. म्हणून गिटार, ढोल आणि गायन यांचे ट्रॅक, म्हणजे प्रत्येकाची सुटी मुद्रणे, वेगवेगळे हाती असावे लागतात. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश गटाच्या एका जुन्या गाण्याचे असे सुटे ट्रॅक सापडले नाहीत, तेव्हा त्या गटाने २००७ साली ‘गिटार हिरो’च्या तिसऱ्या भागासाठी ते गाणे पुन्हा मुद्रित करून दिले. २००९ साली बीटल्सच्या ४५ गाण्यांचा ‘रॉक बँड’ हा गेम निघाला, त्या वेळी या गटाची सुरुवातीची गाणी अवघ्या दोन ट्रॅकवर मुद्रित झालेली असल्यामुळे संगीत निर्माते जाइल्स मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संगणकाच्या साहाय्याने एकमेकांत मिसळलेली वाद्ये सोडवून घ्यावी लागली. आता आपल्याकडील जुन्या मराठी तबकड्या आठवून पाहा. गायक, पेटी, तबला आणि व्हायोलिन असे सगळे एकाच मुद्रणात कायमचे मिसळलेले! आपल्या घरातील गाणी त्या यादीत नसण्यामागे नावड असेलच असे नाही. कित्येकदा ती गाणी खेळासाठी उलगडता येत नाहीत, आणि जी उलगडता येतील त्यांचे हक्क मागायला कोणी गेलेले नसते.

गाणे नाहीसे होण्याचे सर्वसाधारण कारण साधे आहे. परवाना बहुधा ठरावीक मुदतीचा असतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या ‘रॉक बँड ४’ची विक्री बरोबर दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, ती त्यातील मूळ गाण्यांचे परवाने संपत आल्यामुळेच, ज्यांनी तो आधी विकत घेतला होता, त्यांच्याजवळ तो राहिला. आपल्या मुलाला हवे असलेले गाणेही बहुधा असेच मुदत संपल्याने गेले असावे.

प्रश्न : आम्ही बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील चौघे मित्र स्नेहसंमेलनासाठी छोटा रिदम गेम करत आहोत. खेळणाऱ्याने चार बटणांवर तबल्याचा ठेका वाजवायचा आहे. आमच्याजवळ चौतीस गाण्यांची यादी जमली असून त्यातून दहा निवडायची आहेत. आमच्यातील दोघे घरी मराठी बोलतात आणि दोघे कानडी, त्यामुळे यादी कोणत्या भाषेतील गाण्याने सुरू करावी इथपासून वाद आहे. निवड कशी करावी? (चार विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : तुम्ही पाठवलेली यादी मी दोनदा वाचली आणि मला ती मनापासून आवडली. म्हणूनच थोडे कडक लिहितो. ही यादी कानाने केलेली आहे. ‘हे ऐकताना अंगावर काटा येतो’ अशी शिफारस तुम्ही निम्म्याहून अधिक गाण्यांपुढे लिहिली आहे. पण अंगावर काटा आलेल्या माणसाचे हात स्वस्थ असतात, आणि तुमच्या खेळात हातांना सतत काम हवे आहे. तेव्हा प्रत्येक गाणे लावून टेबलावर बोटांनी वाजवत शेवटपर्यंत जा. जिथे बोटे आपोआप थांबतात, तिथे खेळणाराही कंटाळणार, आणि जिथे ती मागे पडतात, तिथे तो चिडणार. जे गाणे बोटे पुन्हा वाजवायला मागतील ते ठेवा. या चाचणीत तुमची वीसेक गाणी गळतील, आणि माझ्या अंदाजाने त्यात तुमची सर्वांत लाडकी दोन-तीन भावगीतेही असतील. त्याला इलाज नाही.

एकच ठेका किती तऱ्हांनी वाजवता येतो, हे आता केरवा या तालावर पाहू. धा गे ना ती । ना के धी ना अशा त्याच्या आठ मात्रा. लय मिनिटाला १६० मात्रांची धरली, तर एक आवर्तन तीन सेकंदांत पुरे होते. सोप्या पातळीवर फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेला बटण द्या, म्हणजे दर दीड सेकंदाला एकदा; माझ्या सत्तरीतल्या आत्यालाही ते जमेल. मधल्या पातळीवर पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी मात्रा घ्या. अवघड पातळीवर आठही मात्रा घेतल्या की दोन बटणांमधील अंतर पाऊण सेकंदाच्याही निम्मे होते, आणि अंतऱ्यानंतर लग्गी, म्हणजे तबल्याचे दुप्पट जलद वादन, लागली की तेही निम्म्यावर येऊन बोटांना जेमतेम १९ शतांश सेकंद मिळतात. ज्या गाण्यात असे तीन जिने मुळातच आहेत, ते तुमच्या कामाचे. ज्यात वादकाने साडेतीन मिनिटे तोच सपाट ठेका धरला आहे, त्यात तुम्ही बळेच बटणे वाढवाल, आणि ती गाण्याशी जुळत नसल्याचे खेळणाऱ्याच्या बोटांना लगेच कळेल. सोप्या पातळीवर बटणांची संख्याही कमी ठेवा. ‘गिटार हिरो’त पाच बटणे असूनही सर्वांत सोप्या पातळीवर तीनच वापरली जातात.

जपानमध्ये २००१ सालापासून चालू असलेला ‘तायको नो तात्सुजिन’ हा ढोलाचा खेळ तुम्ही अवश्य पाहावा, कारण तो आपल्याकडील चर्मवाद्यांना फार जवळचा आहे. त्यात लाल खूण आली की ढोलाच्या मध्यावर आणि निळी आली की काठावर मारायचे, एवढेच असते. आपण त्यांना थाप आणि चाट म्हणू. मात्र त्यांच्या गाण्यांच्या विभागणीत शिकण्यासारखे बरेच आहे. लोकप्रिय गाणी, कार्टून मालिकांची गाणी आणि बालगीते हे विभाग लोकांना यंत्रापर्यंत खेचून आणतात. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि कंपनीने स्वतः करवून घेतलेल्या रचना हे विभाग, हक्कांची कटकट फारशी नसल्यामुळे, त्यांना हवे तसे वळवता येतात, आणि भल्याभल्यांचे हात दुखवणाऱ्या रचना बऱ्याचदा तिथेच सापडतात. तुम्हीही दहापैकी दोन गाणी मुद्दाम खेळासाठीच रचून घ्या. महाविद्यालयात तबला वाजवणारे कोणी ना कोणी असेलच.

लय स्थिर नसलेल्या गाण्यांविषयी सावध करतो. आमच्या वडगावातील एका एकादशीच्या भजनाचे मुद्रण मी मोबाइलवर घेतले आणि घड्याळ लावून मोजले, तर मिनिटाला ८४ टाळांपासून सुरू झालेला अभंग शेवटी १३२ वर पोहोचला होता, आणि ही चढण एकसारखी नव्हती. बुवांनी हात वर केला की एकदम उडी. अशा गाण्याला एकच वेग ठरवून बटणे मांडलीत, तर तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे घसरेल. प्रत्येक टाळाची जागा हाताने नोंदवावी लागेल, आणि एका अभंगाला त्यात एक रविवार जाईल. तरीही यादीत असे एक भजन हवेच, असा माझा आग्रह आहे, कारण तुम्ही काहीही न करता त्यात अवघडपणा आपोआप वाढत जातो, आणि शेवटच्या गजरात खेळणाऱ्याची जी धांदल उडते ती खऱ्या टाळकऱ्याचीच असते.

आता हक्कांचे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असते. तुकोबांचे किंवा कानडी संतकवी पुरंदरदासांचे शब्द कोणालाही गाता येतात. पण त्यांना गेल्या शतकातील एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल आणि तुम्ही यूट्यूबवरून उतरवून घेतलेले मुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या चौतीसपैकी अकरा गाणी याच गोंधळातील आहेत. ती पारंपरिक चालीत स्वतः गाऊन-वाजवून मुद्रित करा. कानात मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाची टिकटिक, ठेवून आधी पेटी, मग तबला, मग गायन असे वेगवेगळे ट्रॅक घेतलेत, तर बोट चुकल्यावर तबला मुका करण्याची सोयही फुकटात होईल. भजनाला मात्र मेट्रोनोम लावू नका.

राहिला भाषेचा वाद. खेळातील यादी भाषेने लागत नाही, अवघडपणाने लागते, आणि पहिले गाणे असे असावे की मांडवातील कोणीही बटणे न शिकता ते वाजवू शकेल. माझ्या मते ती जागा गणपतीच्या आरतीची आहे : संथ लय, पारंपरिक चाल, आणि टाळ्या कुठे पडतात हे आपल्या भागातील मुलांना चालायला लागल्यापासून ठाऊक. दुसरे गाणे एखादे कानडी दासरपद, म्हणजे पुरंदरदासांसारख्या हरिदासांचे भक्तिपद, असू द्या. ज्यांचा जन्म गदग जिल्ह्यातील रोणचा, ते पंडित भीमसेन जोशी अभंगही गायले आणि दासरपदेही, आणि दोन्ही ऐकायला आपल्या भागातील तीच माणसे बसत असत. हलगी, संबळ आणि सौंदत्तीच्या जत्रेतील चौंडके यांना वरच्या पातळ्यांवर जागा ठेवा. चौंडक्याचा तो ताणला जाणारा सूर बटणाने दाखवता येणार नाही, पण त्याची चाल चार बटणांवर सुरेख बसते.

प्रश्न : नातवाच्या आग्रहावरून मी असा एक गेम खेळून पाहिला. नुसता गोंगाट. ज्या जिल्ह्यातील सुळेभावी येथे कुमार गंधर्व जन्मले, त्या जिल्ह्यातील मुलांनी हेच वाजवायचे का? त्यात ख्याल का नसावा? (एक निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : गुरुजी, आपली तळमळ समजते, पण बड्या ख्यालाच्या बाबतीत मला गेम करणाऱ्यांची बाजू घ्यावी लागते. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली, तरी बारा मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांचे होते; एका समेवरून दुसऱ्या समेपर्यंत आपल्या नातवाने बटणावर बोट ठेवून काय करावे? गायकाची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, बटणात मावत नाही, आणि रोज निराळी होणारी बढत, म्हणजे रागाचा विस्तार, आधी लिहून ठेवता येत नाही, तर खेळाला सगळे आधी लिहिलेले लागते. ध्वनिमुद्रित मैफलीवर बटणे मांडता येतील, हे खरे. पण मग आपण त्या एका दिवसाची नक्कल वाजवत असतो, आणि ख्याल त्यासाठी नाही.

तराणा मात्र जमेल, एकल तबल्यातील कायदे आणि रेले या बांधलेल्या रचना जमतील, आणि नाट्यपदे तर फारच छान जमतील. आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये साकी आणि दिंडी ही जुनी मराठी वृत्ते आहेत आणि कानडी पदांवरून घेतलेल्या चालीही आहेत, पदे आटोपशीर असून ठेका ठळक आहे. अण्णासाहेबांचे निधन १८८५ साली झाले असल्यामुळे त्या शब्दांवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही. अडचण येते ती चालीची. जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या तत्कालीन गाण्याचा मुखडा दिलेला असतो, आणि ते मूळ गाणे आज थोड्याच लोकांच्या गळ्यात आहे.

आपण पत्रात लिहिले आहे की आपल्या वडिलांकडून आलेली अशी पंधरा-वीस पदे आपण अजून पेटीवर वाजवता. वरच्या पत्रातील चार विद्यार्थी आपल्या घरापासून फार लांब राहत नाहीत आणि त्यांना पेटीचा ट्रॅक हवा आहे. आपली संमती असल्यास आपला दूरध्वनी क्रमांक कार्यालयातून त्यांना कळवू. मात्र मुद्रणाच्या वेळी लय मिनिटाला किती मात्रांची आहे, हे त्यांना आधी सांगावे आणि शेवटच्या ओळीला ती वाढवू नये, एवढी विनंती.