वूफर नका बदलू, फोम बदला

या महिन्यात जुन्या स्पीकरबद्दलच इतके प्रश्न आलेत की बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त तेच घेतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण त्यातच बऱ्याच जणांची उत्तरं आहेत म्हणून कापलं नाही.

प्रश्न (नाशिक): माझे काका १९७३ साली बॉस्टनहून कायमचे परत आले तेव्हा एआर-३ए स्पीकरची जोडी घेऊन आले होते. काका गेले आणि जोडी आमच्या माळ्यावर पडून राहिली. आता खाली काढली तर वूफरच्या कडेच्या फोमला हात लावला की भुगा पडतो, आणि एका बॉक्समधून वरचा बारीक आवाज अजिबात येत नाही. दुरुस्तीवाले म्हणाले कोन गेलाय, दोन्हीत नवीन १२ इंची वूफर टाकून देतो, ट्वीटर पण नवीन. टाकू का?

उत्तर: नका टाकू, प्लीज. बॉक्स दुकानात ठेवले असतील तर आधी घरी आणा.

तुम्ही जे लिहिलंय त्यात कोन गेल्याचं एकही लक्षण नाहीये. गेलाय तो फोम. कोन म्हणजे वूफरचा (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) मधला कागदाचा भाग आणि त्याच्या कडेने जी मऊ गोल पट्टी असते ते सराउंड, ते तुमच्याकडे फोमचं आहे. हा फोम पॉलियुरेथेनचा, दमट हवेने आणि उन्हाने तो कुजतोच, स्पीकर रोज वाजवा नाहीतर चादरीत गुंडाळून ठेवा, दहा-वीस वर्षांत त्याचं आयुष्य संपतं. नवीन सराउंड मापानुसार मिळतं. पण तो कोन, ती व्हॉइस कॉइल (कोनला मागून चिकटलेली तारेची गुंडाळी) आणि ते मॅग्नेट परत मिळणार नाही, आणि दुरुस्तीवाले नेमकं तेच काढून टाकायला निघालेत.

बाजारातला दुसरा कुठलाही १२ इंची वूफर तिथे का चालत नाही ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढची सगळी कामं कशी करायची तेही आपोआप कळतं. एआर म्हणजे अकूस्टिक रिसर्च, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची कंपनी, १९५४ साली एडगर व्हिल्चर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी काढली. तोपर्यंत खोल बेस पाहिजे तर कपाटाएवढा बॉक्स लागायचा. व्हिल्चरने काय केलं, कोनची स्वतःची पकड मुद्दाम एकदम सैल ठेवली आणि बॉक्स हवाबंद केला, म्हणजे कोनला मागे खेचायचं काम आत कोंडलेली हवाच करते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलून बघा, हवा हाताला जशी मागे रेटते तेच इथे चालू असतं. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या बॉक्समधून असा बेस यायला लागला की अख्खी इंडस्ट्री त्या वाटेने गेली. तुमचं मॉडेल १९६७ मध्ये आलं, १२ इंची वूफर आणि वर दोन छोटे घुमट, एक मिडचा म्हणजे मधल्या सुरांचा आणि एक ट्वीटर, वरच्या बारीक सुरांचा. त्याच्या आधीचं एआर-३ अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये ठेवलंय. काकांनी काय आणलं होतं ते कळावं म्हणून हे लिहिलं.

आता बाजारातला पीएचा वूफर, म्हणजे लग्नाच्या मांडवात वाजतो तो, त्याची पकड कडक असते, त्याला या छोट्या बंद बॉक्सात टाकला की बेस जातो आणि आवाज पेटीतून आल्यासारखा येतो. रिकोन, म्हणजे वूफरला नवा कोन लावून घेतानाही तीच भीती, जाड कडक कोन चिकटवून देतात आणि वरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

तर कामाला लागा. पण ट्वीटर बंद असलेल्या बॉक्सला स्क्रूड्रायव्हर लावायच्या आधी त्याच्या पाठीमागे बघा, दोन नॉब आहेत, एक मिडचा एक ट्वीटरचा. आवाज एकदम बारीक ठेवून गाणं लावा आणि ते नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू बरेच वेळा फिरवा. खरखर होऊन मध्येच ट्वीटर जागा झाला तर ट्वीटर ठणठणीत आहे, आतला कंट्रोल गंजलाय. या मॉडेलचं हे सगळ्यात कॉमन दुखणं, आतल्या पितळी भागावर हिरवा थर चढतो आणि करंट पुढे जात नाही, आणि लोक ट्वीटर जळला समजून फेकून देतात, फार वाईट वाटतं ऐकून. मागच्या टर्मिनलवर २ आणि टी यांना जोडणारी छोटी पत्र्याची पट्टी आहे ना तेही बघा, ती हरवलेली असली तर बॉक्सचा एक भाग मुकाच राहणार.

मग वूफर काढायचा. स्क्रू निघाले तरी तो लगेच सुटत नाही, कडेने काळपट पुट्टी लावलेली असते, पातळ पट्टी घालून चारी बाजूंनी थोडं थोडं उचका, एकाच जागी जोर लावलात तर फ्रेमची कड वाकेल किंवा हत्यार सटकून कोनमधून आरपार जाईल. मॅग्नेट जड आहे, दुसरा माणूस जवळ असू द्या. ती पुट्टी फेकू नका, गोळा करून मळून ठेवा, मऊ असली तर बसवताना तीच परत लागते. आत जे भरलंय ते काचेचं किंवा दगडी लोकरीसारखं असतं, अंगाला प्रचंड खाजतं आणि छातीत जाणं चांगलं नाही, म्हणून मास्क, हातमोजे आणि काम शक्यतो गच्चीवर. ते सगळं एका पिशवीत भरून किचनच्या काट्यावर वजन करा, कागदावर लिहा, आणि तेवढंच परत भरा. काही लोक जुनाट दिसतंय म्हणून ते टाकून गादीचा फोम भरतात, अजिबात करू नका, त्या भरावाने बॉक्सचा आवाज ठरतो.

वूफर निघाला की त्याच भोकातून हात घालून नॉबच्या मागचा कंट्रोल सोडवा. वायरी सोडवायच्या आधी मोबाइलने भरपूर फोटो काढा, चारी बाजूंनी. कंट्रोल उघडून आतलं हिरवं बारीक पितळी ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केलं की बहुतेक वेळा काम होतं. एल-पॅड (आवाज कमी-जास्त करायचा तयार कंट्रोल) स्वस्तात मिळतो म्हणून सरळ तो बसवू नका, त्याची जोडणी वेगळी, पूर्ण हिशेब बदलतो. आणि समोरच्या दोन घुमटांना बोट लावायचं नाही, धूळसुद्धा पुसायची नाही, तिथल्या वायरी केसासारख्या आहेत आणि उघड्यावरच आहेत.

आता फोम. जुना फोम आणि गोंद काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाने भिजवायचं, थांबायचं, मग बोथट पट्टीने खरवडायचं. कोनचा कागद अल्कोहोलने मऊ पडतो म्हणून घाई नको. जुना फोम कोनच्या वरून चिकटवला होता की खालून ते काढताना बघून ठेवा, नवा तसाच लागतो. नवा फोम मागवताना नुसतं १२ इंची म्हणून मागवू नका, फ्रेमची आतली-बाहेरची मापं आणि कोनचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन द्या, कारण १२ इंचीत बरेच प्रकार येतात, आणि मऊ फोम पाहिजे हे स्पष्ट सांगा. गोंद साधा पांढरा फेविकॉल चालतो, उलट तोच बरा, कारण सुकायला वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात फोम सरकवून नीट बसवता येतो. फेविक्विक मुळीच नको, कड दगड होते.

आधी फोम फक्त कोनला चिकटवा आणि रात्रभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी फ्रेमला, आणि सगळी कसोटी इथे आहे. मधली व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या फटीत अगदी मधोमध राहिली पाहिजे, केसाएवढी सरकली तरी घासते. खात्रीचा मार्ग म्हणजे मधली टोपी ब्लेडने सांभाळून कापायची आणि कॉइलच्या आतल्या बाजूने पातळ ओएचपी शीटच्या पट्ट्या चारी बाजूंना सारख्या खोचायच्या, मग फोम फ्रेमला चिकटवायचा, कपड्यांचे चिमटे लावायचे, सुकल्यावर पट्ट्या काढायच्या आणि टोपी परत चिकटवायची. ज्यांचा हात बसलाय ते टोपी न कापता करतात, गोंद ओला असताना दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलकं खाली-वर करतात आणि कान जवळ नेऊन ऐकतात, खरखर आली की फोम कणभर सरकवायचा. पहिल्यांदा करताय तर पट्ट्यांचीच पद्धत करा.

बसवून झाल्यावर एक टेस्ट. कोन चारी बाजूंनी सारखा धरून हलकेच आत दाबा आणि सोडा. सावकाश बाहेर आला तर बॉक्स हवाबंद आहे, टचकन परत आला तर कुठेतरी हवा निघतेय, पुट्टी तपासा.

आणि जे कराल ते दोन्ही बॉक्सना करा, एकाच दिवशी, एकाच पाकिटातल्या फोमने. एक बॉक्स धडधाकट आहे म्हणून तसाच ठेवू नका, स्टिरिओची मजाच दोन्हीकडून सारखं ऐकू येण्यात आहे. हे स्पीकर ४ ओहमचे आहेत आणि भूक मोठी आहे, चॅनेलला किमान २५ वॉट देणारा आणि ४ ओहम झेपणारा अ‍ॅम्प लावा.

प्रश्न (कोल्हापूर): वडिलांच्या जुन्या दोन-वे स्पीकरमधल्या क्रॉसओव्हरचे (वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर बदलायचेत. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो सीलिंग फॅनचे कपॅसिटर चालतात. खरंच का चेष्टा करतोय?

उत्तर: खरं सांगतोय. फॅनचा कपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्याला प्लस-मायनस नसतं, ४४० व्होल्ट सहज झेलतो आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ऑडिओच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या कपॅसिटरमध्ये बहुतेक हेच मटेरियल असतं. २.५ आणि ३.१५ मायक्रोफॅरडचे सगळीकडे, बाकी शोधले की मिळतात, आणि दोन समांतर जोडले की बेरीज होते, म्हणजे ६ पाहिजे तर ४ आणि २. फक्त मूळ जेवढं छापलंय तेवढंच ठेवायचं, जास्त टाकला की जास्त आवाज असं नसतं, उलट ट्वीटरवर नको ते खालचे सूर जाऊन तो जळू शकतो.

जुन्या बॉक्समध्ये असतात ते बायपोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, तीस-चाळीस वर्षांत आतून सुकतात. मीटरवर मोजून मग ठरवा, मूळ आकड्याच्या आसपास असेल आणि आवाज स्वच्छ असेल तर हात नका लावू. मोठे आकडे असतील तर फिल्मचाच, म्हणजे फॅनसारख्या पॉलिप्रॉपिलीनवाल्याचाच, हट्ट धरू नका, वरच्या नाशिकवाल्यांच्या एआर-३एमध्ये ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरड आहेत, त्यातला १५० फिल्मचा घ्यायचा तर डबाभर होईल आणि खिसाही रिकामा होईल, तिथे नवा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक छान चालतो. साधा प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक मात्र कधीच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, तिथे बायपोलर म्हणून मागा. बदलल्यावर ट्वीटर थोडा जास्त उजळ वाटेल, आधी काही दिवस तसाच ऐका.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे एका घरसामानाच्या सेलमध्ये जुने एआर-२एएक्स मिळाले. वूफरची कड फोमची नाही, कापडाची आहे. ती पण बदलायची का? आणि पुढच्या वर्षी पुण्याला परत जातोय, ११० व्होल्टचे स्पीकर तिकडे चालतील का?

उत्तर: कापडाची कड असलेले म्हणजे आधीच्या काळातले, नशीबवान आहात, ते कापड कुजत नाही. बदलू नका. फक्त त्यावर हवा न जाण्यासाठी जो लेप असतो तो सुकला की त्यातून हवा जायला लागते, वर सांगितलेली कोन दाबायची टेस्ट करा, टचकन परत आला आणि पुट्टी ठीक असेल तरच त्यावर सराउंडसाठी मिळणारा मऊच राहणारा लेप पातळ हाताने द्या. कडक होणारं वॉर्निश वगैरे नको.

व्होल्टेजची काळजी सोडा, हे स्पीकर भिंतीच्या प्लगला लागतच नाहीत, अ‍ॅम्प जगात कुठलाही चालेल. अ‍ॅम्प मात्र तिकडून आणणार असाल तर मागे २२०-२४० चा स्विच आहे का ते बघा. पॅक करताना वूफरच्या समोर कडक पुठ्ठा लावा आणि त्यावर वजन येऊ देऊ नका.

प्रश्न (चिपळूण): लाकडाला बुरशी आलीय आणि पॉलिश पांढरं पडलंय. पॉलिशवाला म्हणतो मशीनने घासून नवीन करतो.

उत्तर: मशीन नको. वर जे लाकूड दिसतंय तो कागदासारखा पातळ व्हिनियर आहे, खाली पार्टिकल बोर्ड, मशीन दोनदा फिरली की बोर्ड दिसायला लागेल. ओलसर फडक्याने बुरशी पुसा, सावलीत पूर्ण सुकू द्या, मग एकदम बारीक, चार शून्यवाली स्टील वूल तेलात बुडवून रेषांच्या दिशेनेच हलकं चोळा आणि जास्तीचं तेल पुसून घ्या. स्टील वूल वापरताना वूफर काढलेला असेल तर मॅग्नेट दुसऱ्या खोलीत ठेवा, लोखंडाचे कण चिकटले तर निघत नाहीत. जवसाचं तेल वापरलंत तर ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा. समोरचं कापड बदलायचं झालं तर दुकानातच तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडे हवा आरामात गेली तरच घ्या, सोफ्याचं कापड दिसायला छान असतं पण वरचे सूर अडवतं. आणि पावसाळ्यात बॉक्स भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून हात जाईल एवढी जागा सोडा.