कोकणात कुंपणाला लाकडी खांब की लोखंडी?

चिपळूणजवळ आंबा-काजूची नवी बाग आहे, काटेरी तार ओढायची आहे, खांब लाकडी घेऊ की लोखंडी, असं तुम्ही विचारलंय. मी कोपऱ्यांना आणि फाटकाला जस्त चढवलेले लोखंडी अँगल (काटकोनी पट्ट्या) लावीन आणि मधल्या रांगेत जिवंत खुंट, म्हणजे रोवल्यावर मुळं धरणाऱ्या जाड फांद्या.

लाकूड असो वा लोखंड, कोकणातल्या पावसात खांब जातो तो जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात. खोल मातीत हवा कमी, वरचा भाग वाऱ्याने सुकतो. या पट्ट्यात मात्र ओल आणि हवा दोन्ही असतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला तेच हवं असतं, गंजालाही.

वखारीत लाकूड बघताना कापलेलं टोक पाहा. खैराचा किंवा जुन्या सागाचा गडद गाभा वाळवीला दाद देत नाही, पण त्याच झाडाचा बाहेरचा फिकट भाग ती सहज पोखरते. कोवळ्या सागाच्या वाशांत गाभा नावापुरताच असतो, तेव्हा ‘सागाचं आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नका. आंबा आणि सावर तर घेऊच नका. बुंध्याला डांबर लावायचं असेल तर लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, नाहीतर ओल आत कोंडते.

अँगल आधी कापून, भोकं पाडून घ्या आणि मगच वितळलेल्या जस्तात बुडवून आणा. नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. नुसत्या रंगावर ओरखडा पडला की गंज रंगाखाली पसरत जातो. जस्त मात्र आधी स्वतः झिजून शेजारचं लोखंड वाचवतं. खड्ड्यातलं काँक्रीट जमिनीच्या दोन-तीन इंच वर आणून बाहेरच्या बाजूला उतरतं करा, म्हणजे खांबाशी पाणी साचणार नाही. अगदी समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्याने जस्तही लवकर संपतं, पण चिपळूणला ती अडचण नाही.

मधल्या रांगेसाठी पांगारा किंवा गिरीपुष्प. मनगटाएवढे जाड खुंट पहिल्या पावसात रोवा, नीट मुळं धरू द्या आणि तार पुढच्या वर्षी ताणा. जिवंत खोड मातीत कुजत नाही, शिवाय गिरीपुष्पाचा पाला आंब्याच्या आळ्यात खत म्हणून जातो. छाटणी मात्र दरवर्षी करावी लागेल, नाहीतर काजूच्या रोपांवर सावली येते.