लाइट जाते, पंप थांबतो, मग? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मे महिन्यात सोलापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. दुपारी पारा ४२-४३ला टेकणार आणि संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं की लाइट गुल होणार. माणसं चटई घेऊन गच्चीवर जातात, फिशटँकमधले मासे कुठं जाणार? यावेळचे प्रश्न सगळे याच पंप-बॅटरीच्या भानगडीचे निघाले, म्हणून एकत्रच घेतलेत.

प्रश्न (जुळे सोलापूर): तीन फुटी टाकी आहे, चार मोठे गोल्डफिश. कॉम्प्युटर भंगारात दिला तेव्हा त्याचा ६०० व्हीएचा यूपीएस ठेवून घेतला होता, म्हटलं एअर पंपाला लावू. पंपावर ५ वॅट लिहिलंय, हा यूपीएस तर कॉम्प्युटर अन् मॉनिटर दोन्ही ओढायचा, म्हणजे पंप रात्रभर चालायलाच पाहिजे ना? पण परवा लाइट गेली तर पाऊण तासात बंद, सकाळी दोन मासे तळाशी. बॅटरी गेली, यूपीएस गेला का माझंच काही चुकलं?

उत्तर: मासे गेले त्याचं वाईट वाटलं. तुमचा हिशेब चुकीचा नाही, अर्धाच आहे. असल्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते, म्हणजे अगदी नवी असताना १२ गुणिले ७, ८४ वॅट-अवर. ५ वॅटनं भागलं की सोळा-सतरा तास येतात आणि इथंच सगळे फसतात, कारण बॅटरीचं डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) घेऊन त्याचं २३० व्होल्ट एसी (घरच्या लाइटसारखी, दिशा बदलत राहणारी) करायला यूपीएस स्वतःच १०-२० वॅट खातो, तुमचा पंप लावा नाहीतर नका लावू. म्हणजे पाहुण्याला एक भाकरी आणि वाढप्याला चार. हे धरलं तर नव्या बॅटरीवर सुद्धा तीन-चार तासांच्या पुढं आशा ठेवू नका.

पण पाऊण तास म्हणजे त्याहूनही कमी, तेव्हा आणखी काहीतरी आहे. दोन संशयित. एक म्हणजे काही यूपीएस लोड (त्याच्यावर लावलेल्या वस्तू ओढतात ती वीज) फारच कमी दिसला की "कॉम्प्युटर बंद झाला वाटतं" असं समजून स्वतःच बंद होतात, त्यांची काही चूक नाही, बनवलेतच तसे. दुसरा म्हणजे बॅटरी म्हातारी झाली. कोण ते ओळखायला मल्टिमीटर लागेल, नसेल तर शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा मागा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी यूपीएस पूर्ण चार्ज करा, पंप लावा आणि भिंतीतली पिन काढून घड्याळ बघत बसा. बंद पडला की पंप सोडवा, बॅटरी बाहेर काढा (यूपीएसचं झाकण पिन भिंतीत असताना उघडायचंच नाही, आत जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं) आणि दहा-पंधरा मिनिटांनी मोजा. १२.३ व्होल्ट किंवा वर दाखवलं तर बॅटरीत माल आहे, यूपीएसनंच दुकान बंद केलं. साडेअकराच्या आसपास किंवा खाली असेल तर बॅटरी खरोखर रिकामी झाली, आणि एवढ्या लवकर रिकामी झाली म्हणजे ती संपलीच.

खात्री करायची तर तीच बॅटरी चार्ज करून तिच्यावर गाडीच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब लावा. धडधाकट ७ अँपिअरची बॅटरी तो बल्ब सहा-सात तास पेटवते. दीड-दोन तासात मीटर १०.५ला आला तर बल्ब काढा आणि बॅटरी बदलून टाका, त्याच्या खाली उतरवली तर उरलीसुरली पण मरते.

तुम्ही लिहिलंय की यूपीएस टाकीखालच्या लाकडी कपाटात दार लावून ठेवलाय. तिथंच आयुष्य गेलं असेल बघा. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशाला धरून सांगतात आणि वर दर दहा अंशाला ते साधारण निम्मं होतं, आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटात ३८-४० सहज होत असणार, म्हणजे चार वर्षांची बॅटरी दीड वर्षात आटोपली तर दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता माझं मत सांगतो. यूपीएस सोडून द्या. १२ व्होल्टवर चालणारा छोटा डीसी एअर पंप मिळतो, तो सरळ बॅटरीवर लावायचा. डीसीचं एसी करायचंच नाही तर मधला खाणारा गेलाच. ५ वॅटचा डीसी पंप ०.४ अँपिअर घेतो, तीच ७ अँपिअरची बॅटरी चांगली असेल तर तेरा-चौदा तास निघतात. तेवढ्यात आपल्याकडची लाइट येते, येतेच सहसा.

प्रश्न (भवानी पेठ): वरचंच ऐकून मी १२ व्होल्टचा पंप आणला, ७ अँपिअरची नवी बॅटरी आणली आणि ती कायम चार्ज राहावी म्हणून राउटरचा जुना १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडाप्टर तिला जोडून ठेवला. अडाप्टर पण १२, बॅटरी पण १२. तरी लाइट गेली की दोन तासात पंप मंद होतो. बॅटरी डुप्लिकेट आहे का?

उत्तर: बॅटरी खरी आहे दादा, ती उपाशी आहे. "१२ व्होल्टची" बॅटरी हे नुसतं नाव, पूर्ण भरलेली असताना ती पडून पडून १२.७ दाखवते आणि तिला भरायला त्याहून जास्त दाब लागतो. हौदात पाणी चढवायचं तर वरची टाकी हौदापेक्षा उंच पाहिजे ना, तसंच. तुमचा अडाप्टर १२ला थांबला म्हणजे बॅटरी कायम पाव-अर्धी भरलेली, आणि लेड-ॲसिडला अर्धपोटी ठेवलं की प्लेटवर सल्फेट जमून ती कायमची आक्रसते, त्यामुळं लवकर सुधारा. कायम जोडून ठेवायला १३.५ ते १३.८ व्होल्टचा फ्लोट चार्जर लागतो, मागताना "सीलबंद बॅटरीचा ऑटो कट चार्जर" म्हणून मागा. आपल्या सोलापूरच्या उकाड्यात १३.५च्या बाजूला असलेला बरा. याच्या उलट चूक म्हणजे गॅरेजमधला ट्रान्सफॉर्मरचा चार्जर लावून विसरणं, तो १५च्या वर जातो आणि बॅटरी आतून सुकते, फुगते.

आणि फ्यूज टाकलाय का? तुम्ही लिहिलं नाही म्हणजे नसणारच. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज, त्याच्या पुढं वायर. ७ अँपिअरची बॅटरी बारकी दिसते पण शॉर्ट झाली तर बारीक वायर निखाऱ्यासारखी लाल करते, आणि तुमची वायर पडद्यामागून गेलीय.

एवढा खटाटोप नको असेल तर वायफाय राउटरसाठी मिनी यूपीएस येतो तो बघा, १२ व्होल्ट आउटपुटचा, आत लिथियमचे सेल, चार्जिंगचं सगळं तोच बघतो. तसल्या छोट्यात २०-२२ वॅट-अवर असतात, ३ वॅटचा डीसी पंप पाच-सहा तास, ५ वॅटचा तीन-चार. रात्रभर नाही पुरणार, रोजच्या तास-दोन तासाला पुरतो.

प्रश्न (विजापूर रोड): घरात मोठा इन्व्हर्टर आहे, १५० अँपिअरची ट्यूब्युलर बॅटरी. बॅकअपचा प्रश्नच नाही. पण लाइट गेली की एअर पंप भुंग्यासारखा ओरडतो, हात लावला तर गरम, आणि पाण्यात बुडवलेला फिल्टर नुसता गुंगुं करतो, पाणी फेकतच नाही. मग पंपाची पिन कापून सरळ बॅटरीला लावू का?

उत्तर: पिन कापू नका!! तो एसी पंप आहे. आत एक कॉइल असते, तिच्यासमोर चुंबक लावलेली पट्टी, ५० हर्ट्झच्या तालावर पट्टी इकडं-तिकडं हलते आणि रबराचा पडदा हवा ढकलतो. डीसी दिलं तर हलायचं कारणच संपलं, आणि १२ व्होल्टला ती कॉइल ढुंकून पण बघणार नाही.

तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असावा, बॉक्सवर लिहिलेलं असतं. घरची लाइट लाटेसारखी वर-खाली होते, हा धाडकन वर, धाडकन खाली, पायऱ्या उतरल्यासारखा. ट्यूब-पंख्याला चालून जातं (पंखा पण कुरकुरतोच), पण पंपाची पट्टी त्या धक्क्यांनी आदळते, म्हणून आवाज, म्हणून गरम. सतत तसा चालवला तर रबर आणि कॉइल दोन्ही लवकर जातात. बुडवलेल्या फिल्टरची मोटर ५० हर्ट्झच्या तालाला बांधलेली, स्क्वेअर वेव्हवर तिला सुरू व्हायला जड जातं. पण आधी एक करा, फिल्टर उघडून आतला फिरणारा पंखा काढा, बोअरचं पाणी वापरत असाल तर त्याच्यावर पांढरा क्षार बसला असेल, व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून चोळून स्वच्छ धुवा. घरच्या लाइटवर कसाबसा फिरणारा पंखा इन्व्हर्टरवर अडकतो तो बऱ्याचदा यामुळंच. तरी नाही झालं तर फिल्टर सोडा, तेवढ्या वेळापुरता डीसी एअर पंप. नुसत्या टाकीसाठी साइन वेव्ह (घरच्या लाइटसारखी लाट देणारा) इन्व्हर्टर घ्या असं मी सांगणार नाही, घरचा बदलायची वेळ आली की घ्याच.

प्रश्न (अशोक चौक): यूएसबीवर चालणारा बारका पंप घेतला, १०००० एमएएचच्या पॉवर बँकवर लावला की अर्ध्या मिनिटात पॉवर बँकच बंद. मोबाइल तर मस्त चार्ज होतो तिच्यावर. लय डोकं फिरलंय.

उत्तर: पंप फारच कमी करंट घेतो म्हणून पॉवर बँकेला वाटतं मोबाइल फुल झाला, काढला. उपाय स्वस्त आहे, दुसऱ्या पोर्टला एखादा यूएसबीचा छोटा एलईडी दिवा लावा, तिला काम दिसत राहतं. काहींमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो, इअरबड्ससाठी दिलेला, पण तो काही मॉडेलमध्ये दोनेक तासांनी आपोआप सुटतो, त्यामुळं त्याच्या भरवशावर झोपू नका. वेळेचं म्हणाल तर ते १०००० आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे ३७ वॅट-अवर, गळती जाऊन ३० धरा. दीड वॅटचा पंप आणि एक वॅटचा दिवा, बारा तास. आणि पॉवर बँक कायम चार्जिंगला लावून तिच्यावर पंप चालवायचा विचार असेल तर आधी पिन काढून-घालून बघा, बऱ्याच पॉवर बँका त्या क्षणाला आउटपुट तोडतात आणि मग बटण दाबायला माणूस लागतो.

प्रश्न (होटगी रोड): लाइट गेली की पंप बंद पडतो ते ठीक, पण आल्यावरही चालू होत नाही, नळीतून पाणी बाहेर, खाली फरशी ओली. दोन पंप असे गेले.

उत्तर: पंप टाकीच्या खाली ठेवलाय. हवा थांबली की पाणी नळीतून उलटं उतरतं आणि पंपात शिरतं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, भिंतीला खिळा मारून टांगा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. बाण टाकीच्या दिशेनं. फुंकून बघून मगच बसवा, उलटा बसवून "पंप खराब निघाला" म्हणणारे माझ्याकडं दर महिन्याला येतात.

प्रश्न (नवी पेठ): बॅकअप काहीच नाही आणि सध्या परवडणारही नाही. मासे किती वेळ काढतील?

उत्तर: ताई, तास नेमके सांगता येत नाहीत, माशांची गर्दी आणि पाणी किती गरम यावर सगळं आहे. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ला ७च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो, म्हणजे दोन्हीकडून मार. गुरामी, फायटर वरची हवा पिऊ शकतात, त्यांची फार काळजी नको. गोल्डफिश आधी वर येतात, तोंड वासून. तसं दिसलं की मगनं टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचं, पाच मिनिटं सलग, थोडं थांबून पुन्हा. झाकण काढा, खायला घालू नका. खरी झाडं असली तरी रात्री ती पण ऑक्सिजन घेतात, देत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका. बाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि लाइट काही तासांनी आली तर तसाच चालू करू नका, आतलं साचलेलं पाणी सडून वास मारतं, ते ओतून टाका, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, मग चालू. नळाचं पाणी त्यावर घालू नका, क्लोरिननं चांगले जिवाणू मरतात.

प्रश्न (बुधवार पेठ): यूपीएस रात्रभर टीं टीं करतो, सासूबाईंना झोप लागत नाही. सध्या त्याच्यावर घडी घालून चादर टाकते, आवाज जरा कमी होतो. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. बॅटरीवर असताना तो तापतो आणि आपली सोलापुरी चादर किती जाड असते ते तुम्हाला सांगायला नको. बऱ्याच यूपीएसचं पुढचं बटण चालू असताना थोडंसं दाबलं की आवाज बंद होतो, लांब दाबलं तर यूपीएसच बंद होतो, तेव्हा दिवसा पंप लावून करून बघा. चादर आजच काढा.