विमान रद्द झालं, तिकिटाचे पैसे परत आले. पण बाकीच्या खर्चाचं काय?

प्रश्न : आमचा मुलगा जूनमध्ये डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीतून अधिकारी झाला. त्याच्या दीक्षान्त संचलनासाठी मी, माझे यजमान आणि सासूबाई साताऱ्याहून निघालो. पुणे-दिल्ली रात्री ९.०५ चं विमान होतं. संध्याकाळी ५.४० ला, गाडी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी असताना मेसेज आला, 'ऑपरेशनल कारणांमुळे' उड्डाण रद्द. काउंटरवर गेलो तर दोन दिवसांनंतरच्या जागा देऊ म्हणाले. तोवर संचलन होऊन गेलं असतं. रात्रीच टॅक्सीने मुंबई गाठली (५,२०० रुपये) आणि सकाळच्या विमानाची तीन तिकिटं ४२,००० रुपयांना काढली. मूळ तिकिटं १९,५०० ची होती. दिल्लीतलं हॉटेल (३,८०० रुपये) वाया गेलं, दिल्ली-डेहराडूनचं वेगळं काढलेलं विमान (१२,००० रुपये) चुकलं, पुढे गाडी करावी लागली (६,५०० रुपये). मूळ तिकिटांचे पैसे बुकिंगच्या वेबसाइटने तिच्या वॉलेटमध्ये टाकले. विमान कंपनी म्हणते, तुम्ही मेसेजमधल्या लिंकवर 'रिफंड' निवडलात, विषय संपला. इतर बुकिंगला आम्ही बांधील नाही. खरंच काही करता येणार नाही का?
– एक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, सर्वप्रथम आपणा सर्वांचं मनापासून अभिनंदन. सासूबाईंना रात्रभर टॅक्सीत बसवून का होईना, तुम्ही नातवाच्या संचलनाला वेळेत पोहोचलात, हे फार बरं झालं.

आता मुद्द्याकडे येते. विषय संपलेला नाही. रिफंड म्हणजे न दिलेल्या सेवेची घेतलेली किंमत परत करणं. ती रक्कम तुमचीच होती. सेवा ऐनवेळी न दिल्यामुळे जे नुकसान झालं, त्याची भरपाई ही वेगळी बाब आहे, आणि लिंकवर एक बटण दाबल्याने तो हक्क सुटत नाही. 'याउपर माझी कोणतीही मागणी नाही' असं स्पष्ट लिहून तुम्ही मान्यता दिली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून एक करा : कंपनीने आता दोन-तीन हजारांचं व्हाउचर देऊ केलं आणि सोबत 'फुल अँड फायनल' असे शब्द असले, तर ते स्वीकारू नका.

तुमचे हक्क दोन ठिकाणांहून येतात. कंपनीचं कस्टमर केअर मुद्दाम असो वा अज्ञानाने, या दोन्हींची सरमिसळ करतं, म्हणून ते वेगवेगळे समजून घ्या.

पहिलं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम. उड्डाण रद्द होणार असेल तर किमान दोन आठवडे आधी कळवायचं आणि प्रवाशाला मान्य होईल असं पर्यायी विमान किंवा रिफंड द्यायचा. दोन आठवड्यांच्या आत, पण २४ तास आधीपर्यंत कळवलं तरी हेच. त्याहून उशिरा कळवलं, तर प्रवाशाला मान्य असलेलं पर्यायी विमान द्यायचं, नाहीतर पूर्ण रिफंड आणि शिवाय भरपाई. तुम्हाला साडेतीन तास आधी कळवलं. दोन दिवसांनंतरचं विमान तुम्हाला मान्य नव्हतं, आणि ते का नव्हतं हे अकादमीच्या निमंत्रणपत्रिकेवरच्या तारखेवरून कुणालाही कळेल. म्हणजे भरपाई लागू होते. तिची कमाल मर्यादा उड्डाणाच्या ब्लॉक टाइमवर, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतच्या ठरलेल्या वेळेवर असते : एका तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. पुणे-दिल्लीला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यामुळे तुमची मर्यादा माणशी १०,००० ची. पण तुम्ही पाठवलेल्या तिकिटावर मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून माणशी ५,२०० रुपये आहेत. ती रक्कम कमी, म्हणून तिघांचे १५,६०० रुपये मागता येतील.

वॉलेटचंही याच नियमांत उत्तर आहे. रिफंड कंपनीकडे जमा ठेवायचा की हातात घ्यायचा, हे प्रवाशाने ठरवायचं. एजंट किंवा वेबसाइट मधे असली तरी ती विमान कंपनीची प्रतिनिधीच धरली जाते आणि पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. 'आम्ही वेबसाइटकडे पाठवले' एवढं सांगून कंपनी मोकळी होत नाही. १९,५०० रुपये बँक खात्यात मागा.

दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तुमचा खरा खर्च मागायची जागा ही. इथे कंपनीचा सगळा बचाव 'ऑपरेशनल कारण' या दोन शब्दांवर उभा राहील. पूर, दंगल, खराब हवामान, सरकारी आदेश अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाईतून सूट मिळते. धुक्यामुळे अडकलेल्या विमानाच्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने उशिराचा दोष कंपनीवर ठेवला नाही. खाणंपिणं आणि किमान सोयी मात्र द्यायलाच हव्यात, असं बजावलं. तुमचं विमान धुक्यामुळे रद्द झालं असतं, तर फार आशा धरू नका असंच मी लिहिलं असतं. पण विमानाची दुरुस्ती, वैमानिकांची ड्यूटी, वेळापत्रकाची आखणी ही कंपनीची रोजची कामं आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार माणसांची तजवीज न झाल्याने एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. असं कारण 'आमच्या हाताबाहेरचं' म्हणून खपवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्या संध्याकाळी इतर कंपन्यांची दिल्लीची विमानं पुण्याहून गेली, असं तुमचे यजमान फोनवर म्हणाले. हे कागदावर आणा. विमानतळ प्राधिकरणाकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि एवढंच विचारा : अमुक तारखेला संध्याकाळी ६ ते मध्यरात्री १२ या वेळेत पुण्याहून दिल्लीला किती विमानं सुटली आणि किती वाजता. आकाश निरभ्र होतं हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्या उत्तराला ग्राहक आयोगापुढे अधिक वजन येईल.

कारण सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हेही लक्षात ठेवा. रेल्वेच्या एका प्रकरणात अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं आणि त्यांना टॅक्सीने जावं लागलं. उशीर का झाला हे रेल्वेला पटवून देता आलं नाही. टॅक्सीचे १५,००० आणि बुकिंगचे १०,००० रुपये, शिवाय मनस्ताप व दाव्याचा खर्च प्रत्येकी ५,०००, हा जिल्हा ग्राहक मंचाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कायम ठेवला. रेल्वेचं आणि विमानाचं तिकीट तिथेही वेगवेगळंच होतं. 'तुमच्या इतर बुकिंगशी आमचा संबंध नाही' या उत्तराला हा निकाल जोडा.

तरीही हिशेब चोख हवा. तुम्ही पत्रात सगळे आकडे बेरजेला लावलेत, ते चालणार नाही. विमान वेळेवर गेलं असतं तर तुमचा जेवढा खर्च झाला असता, त्याहून जास्त झालेला खर्च म्हणजे नुकसान. १९,५०० परत घेणार असाल तर नव्या तिकिटांचे पूर्ण ४२,००० मागता येणार नाहीत. फरक मागायचा, २२,५०० रुपये. डेहराडूनचंही तसंच. १२,००० तुम्ही एरवीही खर्चणारच होतात. जादा गेले ते गाडीचे ६,५००. हॉटेलचे ३,८०० ही एरवीही गेलेच असते, म्हणून तेही बाजूला ठेवा. त्यात टॅक्सीचे ५,२०० मिळवा : एकूण ३४,२०० रुपये. यातला फरक आणि टॅक्सी मला भक्कम वाटते. डेहराडूनच्या गाडीवर वाद होईल, कारण करार कायद्याच्या कलम ७३ नुसार दूरान्वयाचं, म्हणजे थेट न उद्भवलेलं, नुकसान मिळत नाही; पण मागणी सोडू नका. डीजीसीएच्या नियमातले १५,६०० स्वतंत्र मागा. दोन्ही एकत्र देण्याऐवजी आयोग ते ३४,२०० मधून वळते करून घेऊ शकतो, याची मात्र तयारी ठेवा. मनस्तापासाठी लाखांचा आकडा टाकू नका. त्याने बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

आणखी एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. डेहराडूनचं तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी न केलेल्या प्रवासाचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतात. त्या दुसऱ्या कंपनीकडे ते मागा आणि मिळाले की आपल्या हिशेबातून वजा करा.

आधी कंपनीच्या नोडल (तक्रारींसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला ईमेल, मग सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार; १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचाही उपयोग होतो. पंधरा दिवसांत दाद मिळाली नाही तर रजिस्टर पोस्टाने नोटीस आणि नंतर सातारच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार, विमान कंपनी सामनेवाले क्र. १ आणि वेबसाइट क्र. २. अटींमध्ये 'फक्त अमुक शहरातील न्यायालय' असं असलं तरी घाबरू नका. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करायची मुभा कायद्याच्या कलम ३४ ने दिली आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्याने फी नाही. वकील सक्तीचा नाही आणि 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. तिकिटं यजमानांच्या कार्डावरून काढली असली तरी तुम्ही आणि सासूबाईही ग्राहकच ठरता. सासूबाईंना तारखांना नेऊ नका, त्यांचं अधिकारपत्र घ्या.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि ईमेलांची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ती थांबत नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला.

रद्द झाल्याचा मेसेज वेळेसह दिसेल असा स्क्रीनशॉट, टॅक्सीची पावती आणि यूपीआयची नोंद, मुंबईचे बोर्डिंग पास, निमंत्रणपत्रिका, सगळं एका फाइलला लावा. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. ज्या फोनवर मेसेज आला तो विकू नका, रीसेटही करू नका. आणि बँकेत पैसे जमा होईपर्यंत त्या वॉलेटमधला एक रुपयाही वापरू नका.