वाड्याचे मॉडेल खेळण्यासारखे का दिसते आणि त्यात बारकावे कसे आणावेत?

सहा महिने ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेल करण्याचे सॉफ्टवेअर शिकल्यानंतर आपण पेशवेकालीन वाड्याचे मॉडेल करायला घेतले, कोरीव खांब आणि महिरपी तयार उतरवून घेऊन जोडल्या, तरीही वाडा प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो आणि संगणक अडखळतो, असे आपण लिहिले आहे. पुढे शनिवारवाडा करण्याचा विचार आहे, असेही म्हटले आहे. मी वास्तुविशारद नाही, माझाही हा छंदच आहे; मात्र त्यातला बराचसा वेळ वाड्यांवरच गेला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नक्षी कमी पडते आहे असे मला वाटत नाही. वास्तू खरी वाटते ती तिचे दोन भाग जेथे एकमेकांना मिळतात त्या जागांमुळे. खांब दगडी उथळ्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, कसा बसला आहे, तुळईचे टोक भिंतीत किती शिरले आहे, चौकटीच्या मागे भिंतीची जाडी किती उरते, हे सारे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण चुकलेले मात्र लगेच खटकते. खांब एकाने केलेला, महिरप दुसऱ्याने केलेली, आणि दोन्ही कोणत्या वाड्यातल्या याचा पत्ता नाही, अशा वेळी नेमक्या याच जागा कोणी केलेल्या नसतात. म्हणून वाडा ज्या क्रमाने उभा राहत असे त्याच क्रमाने मॉडेलही उभे करावे, असा माझा आग्रह आहे. आधी दगडी जोते, त्यावर उथळे, उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर तुळईला आधार देणारे कोरीव लाकूड, मग तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. नवखे लोक ओसरीच्या छताला एक सपाट पृष्ठ लावून त्यावर लाकडाचे चित्र चिकटवतात. कडीपाट असा खरोखरीच रचला तर वरच्या मजल्याच्या जमिनीची जाडी आपोआप योग्य येते, तिच्यामुळे जिन्याच्या पायऱ्यांचा हिशेब जुळतो, आणि दोन कड्यांच्या मधला अंधारही फुकट मिळतो. असा अंधार कोणत्याही चित्राने आणता येत नाही.

मापाचा पाया खण हाच धरावा. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि दालन किती खणी आहे यावरून त्याचा अंदाज सांगण्याची पद्धत जुनीच आहे. हे अंतर सर्वत्र सारखे नसते, त्यामुळे आपण ज्या वाड्याचे मॉडेल करत आहात तेथे मालकांची परवानगी घेऊन एक खण, एक खांब, एक दरवाजा आणि भिंतीची जाडी एवढे तरी टेपने मोजून आणावे. बाकीचे बरेचसे छायाचित्रांवरून काढता येते. ब्लेंडरमध्ये एकक मीटर ठेवावे आणि प्रत्येक वस्तू खऱ्या मापात करावी. सुरुवातीला समोर येणारा ठोकळा दोन मीटरचा, म्हणजे माणसापेक्षा उंच असतो, हे लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचे दरवाजे हत्ती जाईल एवढे होतात. एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीची साधी मानवाकृती चौकात कायम उभी ठेवली की असे प्रमाद लवकर दिसतात. वाडा पडून गेला असेल आणि केवळ जुने छायाचित्र हाती असेल, तर एफस्पाय नावाचे मोफत सॉफ्टवेअर त्या छायाचित्रातल्या समांतर रेषांवरून कॅमेऱ्याची जागा आणि भिंगाचा कोन काढून देते. छायाचित्र कडेने कापलेले असेल तर मात्र हे गणित बिघडते, कारण कॅमेऱ्याचा अक्ष चित्राच्या मध्यातून जातो असे सामान्यतः गृहीत धरलेले असते.

आता संगणक अडखळण्याविषयी. एका कोरीव खांबाला ४०,००० पृष्ठे, म्हणजे मॉडेलची जाळी बनवणारे छोटे सपाट तुकडे, आहेत आणि दोन मजल्यांत मिळून असे ४८ खांब आहेत असे समजा. प्रत्येक खांबाची स्वतंत्र प्रत काढली तर १९,२०,००० पृष्ठे केवळ खांबांचीच झाली. शिफ्ट आणि डी दाबून निघणारी प्रत अशीच स्वतंत्र असते. ऑल्ट आणि डी दाबल्यास निघणारी प्रत मूळ जाळीचाच आधार घेते, त्यामुळे एका खांबात केलेली सुधारणा सर्व खांबांत उतरते. मात्र येथे एक मेख आहे: खांबावर मॉडिफायर (मूळ जाळी न बदलता तिच्यावर आपोआप बदल करणाऱ्या आज्ञा) लागू न करता तसेच ठेवले असतील, तर जोडलेल्या प्रती असूनही ब्लेंडर प्रत्येकीचा हिशेब वेगळा करते आणि स्मृतीची बचत होत नाही. म्हणून खांब एका कलेक्शनमध्ये, म्हणजे वस्तूंच्या गटात, ठेवून त्या कलेक्शनचे इन्स्टन्स, म्हणजे मूळ जाळीच वापरणाऱ्या प्रती, मांडणे चांगले. एकाच वस्तूच्या प्रती ओळीने मांडणारा ‘अरे’ (Array) मॉडिफायरही प्रत्यक्षात नवी पृष्ठेच तयार करतो. तो कड्या आणि फळ्यांसाठी सोयीचा आहे, कोरीव खांबांसाठी नाही. सगळे खांब एकाच रंगाचे दिसू नयेत म्हणून मटेरियलमध्ये, म्हणजे वस्तूच्या रंग-चकाकीच्या मांडणीत, ऑब्जेक्ट इन्फो नोडचा प्रत्येक वस्तूला वेगळा मिळणारा रँडम आकडा घेऊन लाकडाची छटा किंचित कमीजास्त करावी.

खांब तयार उतरवण्यापेक्षा स्वतः करणे वाटते तितके अवघड नाही. सुरूच्या घाटाच्या खांबाचे पैलू मध्याभोवती सारखे फिरत असल्यामुळे एकच पैलू करून तो वर्तुळाकार मांडता येतो, आणि चौकोनी बूड तेवढे वेगळे करावे लागते. नक्षी किती बारीक कोरायची हे मात्र आधी गणिताने ठरवावे. आपल्या अंतिम चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असेल आणि त्यात सहा मीटर रुंदीची भिंत मावत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण तीन मिलिमीटर झाले. त्याहून बारीक रेष कोरण्यात घालवलेली संध्याकाळ कोणालाही दिसणार नाही. जवळून दाखवायचा एखादा खांब पूर्ण कोरावा, आणि बाकीच्यांसाठी त्याच कोरीवकामाचा नॉर्मल मॅप, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणारे चित्र, साध्या खांबावर चढवावा.

प्लॅस्टिकचा भास बहुधा कडांमुळे येतो. रंध्याने तासलेल्या आणि पिढ्यानपिढ्या हात लागून झिजलेल्या लाकडाची एकही कड सुरीसारखी धारदार नसते, तर ब्लेंडरमधल्या ठोकळ्याची प्रत्येक कड तशी असते. लाकडाला दोन ते पाच मिलिमीटर आणि जोत्याच्या दगडांना त्याहून जास्त बेव्हल, म्हणजे कडेला उतार किंवा गोलाई, दिला की त्या कडेवर प्रकाशाची बारीक रेघ उमटते, आणि वस्तूला वजन येते. वस्तूचे स्केल आधी लागू करून घ्यावे, नाहीतर ताणलेल्या ठोकळ्यावर बेव्हल एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद पडतो. सोबत वेटेड नॉर्मल मॉडिफायर लावला की सपाट बाजूंवर उगाच दिसणाऱ्या सावल्या जातात. मटेरियलमधली चकाकीही सर्वत्र एकसारखी ठेवू नये. उंबरठा आणि जिन्याचा कठडा वापराने गुळगुळीत झालेला असतो, तुळई नाही.

छपराबाबत एक चूक फार सर्रास दिसते. पेशवेकालीन म्हणवणाऱ्या मॉडेलांवर सपाट मंगलोरी कौले चढवलेली असतात, परंतु बासेल मिशनने मंगलोरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, म्हणजे पेशवाई संपून सत्तेचाळीस वर्षे झाल्यावर. आज उभ्या असलेल्या वाड्यांवर ती कौले आहेत ती नंतरच्या दुरुस्तीतली. आपला वाडा आजच्या अवस्थेतला असेल तर ती योग्यच आहेत. अठराव्या शतकातला असेल तर कुंभाराने घडवलेली, एकमेकांशी पूर्णपणे न जुळणारी नळीची कौले करावीत, आणि प्रत्येकाला अर्ध्या-एक अंशाचा वाकडेपणा द्यावा.

प्रकाशासाठी सूर्य अंदाजाने ठेवू नका. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो आणि चौक पूर्ण उजळतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो माध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, म्हणजे दक्षिणेकडची बाजू सहा मीटर उंच असेल तर तिची सावली जवळजवळ साडेपाच मीटर पडते आणि सहा मीटरच्या चौकात जमिनीवर उन्हाची केवळ एक पट्टी उरते. ब्लेंडरचे सन पोझिशन हे अ‍ॅड-ऑन तारीख आणि वेळ दिल्यावर हे आपोआप करून देते. ओसरीत स्वतंत्र दिवे लावू नयेत. चौकातून परतणारा प्रकाशच तेथे पोहोचू द्यावा, आणि आतले माजघर काळोखे दिसले तर दिसू द्यावे.

शनिवारवाड्याचे काम वेगळ्या प्रकारचे आहे. १७३० मध्ये सुरू होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या आणि पुढच्या पेशव्यांनी वाढवत नेलेल्या त्या वाड्यातल्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. आज तटबंदी, बुरूज, पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना, जोती आणि कारंजी एवढेच मोजता येते. म्हणून तेथे पहिल्या दिवसापासून तीन कलेक्शने वेगळी ठेवावीत असे सुचवतो: प्रत्यक्ष मोजलेले, कागदपत्रांत वर्णन असलेले, आणि समकालीन वाड्यांवरून आपण अनुमानाने केलेले. तिसऱ्याला लाकडाचे मटेरियल न देता साधा राखाडी रंग द्यावा, निदान चित्र इतरांना दाखवताना त्या रंगाची एक प्रत सोबत द्यावी. सात मजल्यांच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, आणि अशी चित्रे एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली की कोणता मजला मोजलेला आणि कोणता कल्पिलेला, हे विचारायला कोणी थांबत नाही. त्याआधी सध्याच्या वाड्याचा एकच खण जोत्यापासून कौलापर्यंत पूर्ण करून पाहा. तो जमला तर उरलेल्या वाड्याचे बरेचसे सामान त्यातूनच निघेल.