लिनक्सवाल्या ऑपरेटिंग सिस्टिमना अशी विचित्र नावं कोण देतं?

तुम्ही विचारलंय की उबंटू, डेबियन, बुकवर्म असली नावं कोण आणि कशावरून ठरवतं, तर नियम असा काही नाहीये हो. ज्याने काम सुरू केलं तो नाव ठेवतो, आणि कधीकधी तोही नाही! लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सला स्वतःला 'फ्रीक्स' हवं होतं, आपल्याच नावावरून ठेवलं तर लोक म्हणतील काय भाव खातोय, पण १९९१ मध्ये फाइल्स ज्या सर्व्हरवर ठेवायच्या होत्या तो सांभाळणाऱ्या आरी लेमकेला ते काही रुचलं नाही, त्याने परस्पर फोल्डरला 'लिनक्स' नाव देऊन टाकलं आणि तेच चिकटलं.

डेबियन म्हणजे डेब्रा आणि इयन. इयन मरडॉकने १९९३ मध्ये सुरू केलं, तेव्हा डेब्रा त्याची गर्लफ्रेंड होती, बायको नंतर झाली.

आता व्हर्जनला वेगळं नाव कशाला? त्यामागे मात्र खरी भानगड आहे. १९९५ च्या शेवटी एका सीडी विकणाऱ्या कंपनीने डेबियनचं काम चालू असलेलं अर्धवट व्हर्जन उचललं आणि १.० म्हणून विकलं पण. मग खरं १.० आणायचं कसं, लोकांचा घोळच व्हायचा, म्हणून तो नंबरच सोडून दिला आणि १९९६ मध्ये थेट १.१ आलं, नाव 'बझ'. काम चालू असेपर्यंत नुसतं नाव वापरायचं, म्हणजे पुन्हा कुणी तयार समजून उचलणार नाही. बझच का, तर तेव्हाचा प्रोजेक्ट लीडर ब्रूस पेरेन्स 'टॉय स्टोरी' सिनेमा बनवणाऱ्या पिक्सारमध्ये कामाला होता, त्यामुळे त्यातली पात्रं! वूडी, जेसी, २०२३ चं बुकवर्म, सगळी तिथलीच. आणि डेबियनची जी शाखा कायम अनस्टेबल, म्हणजे काम चालू असलेली असते तिचं नाव सिड, शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. मला हे सगळ्यात भारी वाटतं, वापराल तर आपल्या जबाबदारीवर हे नावातच सांगून मोकळे.

उबंटूचा शब्द आफ्रिकेतला, कारण ते सुरू करणारा मार्क शटलवर्थ दक्षिण आफ्रिकेचा. व्हर्जनचा नंबर म्हणजे वर्ष आणि महिना, ४.१० म्हणजे ऑक्टोबर २००४, सोबत एकाच अक्षरावरून विशेषण आणि प्राणी.

आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं 'बॉस' पण डेबियनवरच बनलंय, भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, आधी शॉर्टफॉर्म सुचला असणार असं मला उगाच वाटतं.

नाव ठेवताना जरा जपून मात्र. 'विंडोज'सारखं वाटणाऱ्या 'लिंडोज' नावाने लिनक्स विकणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने कोर्टात खेचलं होतं, शेवटी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच २ कोटी डॉलर मोजून ते नाव सोडवून घेतलं आणि लिंडोजचं झालं लिनस्पायर.